मार्कंड्याचे वाळवंट आणि गोंडवनाचे दगड

हिवाळी पदभ्रमंतीतून भूगर्भाचा इतिहास पाहायचा, तर तयारी कशी करावी?

वाळवंट म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे जैसलमेरचे उंट उभे राहतात. मराठीला मात्र हा शब्द राजस्थानाकडून उसना घ्यावा लागलेला नाही. पंढरपुरात चंद्रभागेकाठी वारकऱ्यांचा मेळा भरतो तो वाळवंटातच. पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा नदीपात्रातील वाळूचा पट्टा, हा या शब्दाचा जुना आणि घरगुती अर्थ. असेच एक विस्तीर्ण वाळवंट दर हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा येथील वैनगंगेच्या पात्रात पसरते. काठावर देवळांचा प्राचीन समूह आहे. तेथून दक्षिणेला आणि पश्चिमेला दिवसभराच्या प्रवासाच्या टप्प्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीची अशीच नदीपात्रे, दलदली आणि तलाव दगड होऊन पडलेले आहेत.

थंडी पडू लागली की शहरांतील गिर्यारोहण संस्था, महाविद्यालयांचे गट आणि हौशी मंडळी सहलींचे बेत आखू लागतात. अलीकडे किल्ल्यांबरोबरच खडक आणि जीवाश्म पाहण्याची ओढही वाढली आहे. त्यासाठी थेट राजस्थान किंवा कच्छचे रण गाठण्याकडे अनेकांचा कल असतो. जैसलमेरजवळच्या आकल गावातील अश्मीभूत वृक्षांचे उद्यान पाहून आलेली माणसे त्याचे वर्णन करताना थकत नाहीत. त्याच ज्युरासिक कालखंडातील वृक्षांचे दगडी बुंधे आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा तालुक्यात आहेत, हे मात्र नागपूरकरांनाही ठाऊक असतेच असे नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीची ही भ्रमंती सह्याद्रीतल्या रविवारच्या सहलीसारखी नव्हे. येथे रान आहे, रानात वाघ आहे, धरणांच्या दरवाजांवर वाढणारी-उतरणारी नदी आहे. शिवाय खडकांत जे दडलेले आहे, ते एका उत्साही पाहुण्याने पिशवीत टाकले की पुढच्या अभ्यासकासाठी कायमचे नाहीसे होते. त्यामुळे कोठे जावे याइतकाच कसे जावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रेतीची बाराखडी

या सहलीचा आरंभ सिरोंच्यापासून न करता मार्कंड्यापासून करणे शहाणपणाचे. कारण साधे आहे. दगड झालेली वाळू वाचायची असेल, तर आधी ओली वाळू वाचता आली पाहिजे. पुण्या-मुंबईकडची वाळू ती विदर्भात रेती. ही रेती नदीने कशी अंथरली, याचा धडा वैनगंगेच्या पात्रात फुकट मिळतो.

मार्कंड्याजवळ वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. वळणावर नदीचा स्वभाव स्पष्ट दिसतो. बाहेरच्या काठावर प्रवाह जोरात आपटतो आणि काठ खातो; आतल्या बाजूला वेग मंदावतो आणि हातातले ओझे खाली ठेवावे तशी नदी रेती टाकत जाते. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपे असताना या रेतीवरून चालले, की पृष्ठभागावर पाण्याने उमटवलेल्या लहान लहान लाटा दिसतात. अशा प्रत्येक लाटेची एक बाजू सौम्य चढाची आणि दुसरी तीव्र उताराची असते. प्रवाह ज्या दिशेने गेला, त्या दिशेला तीव्र उतार. पाणी आटून महिना लोटला तरी ते कोणीकडे वाहत होते, हे या लाटांवरून सांगता येते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात मात्र सावल्या नाहीशा होतात आणि तीच रेती सपाट भासते. म्हणून पात्रातील फेरफटका सकाळीच उरकावा.

लाटांच्या आत काय असते, हे पाहण्यासाठी देवळांपासून पुरेसे दूर, ओलसर रेतीत हातभर लांबीचा उथळ चर घ्यावा आणि त्याची एक बाजू खुरप्याने सरळ तासावी. रेतीचे दाणे तीव्र उतारावरून घसरत एकावर एक साचत गेल्याने बारीक तिरपे थर दिसतात. एका थरसंचाचा माथा नंतरच्या पुराने कापून टाकलेला असतो आणि त्यावर दुसरा संच वेगळ्या कलाने बसलेला असतो. हीच रचना पुढे दगडात दिसली, की तेथे एकेकाळी वाहते पाणी किंवा वारा होता हे उमगते. कापलेली बाजू नेहमी वरची; त्यामुळे भूकंपांनी आणि भूहालचालींनी खडक कलंडलेला असला तरी मूळचा वर-खाली ठरवता येतो. निरीक्षण झाल्यावर चर बुजवून टाकावा.

खऱ्याखुऱ्या वाळवंटाचा विषय येथे आपोआप निघतो. कोरडी पडलेली रेती हिवाळ्यातला वारा उचलतो आणि पात्रातच छोट्या टेकड्या रचतो. वाऱ्याने उमटवलेल्या लाटा पाण्याच्या लाटांपेक्षा बुटक्या आणि लांबट असतात, आणि त्यांच्या माथ्यावर भरड दाणे जमतात. बारीक दाणे वारा पुढे नेतो. भिंगातून पाहिल्यास आणखी एक फरक कळतो. वाळवंटात वाऱ्याबरोबर दीर्घकाळ एकमेकांवर आपटत राहिलेले दाणे अधिक गोल होतात आणि त्यांचा पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा मंद दिसतो. नदीतून आलेले दाणे त्या मानाने कोनदार आणि चकचकीत. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३४ अंशांपेक्षा अधिक उभा राहू शकत नाही, तो घसरतो. म्हणून वाळवंटी टेकड्यांतील तिरपे थर याच कलाच्या जवळपास असतात, आणि त्यांची उंची काही सेंटिमीटर न राहता काही मीटर भरते. एवढी चार-पाच लक्षणे गटातील प्रत्येकाने आपल्या वहीत काढून घेतली, तर पुढचे चार दिवस मार्गदर्शकाला फारसे बोलावे लागत नाही.

चिखलाचा एखादा वाळलेला पापुद्राही शोधावा. त्यावर षट्कोनी, पंचकोनी भेगा असतात आणि बहुधा बगळ्याची किंवा भेकराची पावले उमटलेली असतात. पुढच्या पुरात यावर गाळ बसला आणि तो न विस्कटता दबला, तर त्याचा दगड होण्याची शक्यता असते. बहुतेक पावले पुसली जातात. जीवाश्म दुर्मीळ का असतात, हे पाठ्यपुस्तकातील धड्यापेक्षा हा पापुद्रा लवकर सांगतो.

देवळांच्या भिंतीपाशी

मार्कंडेश्वराचे मंदिर आणि त्याभोवतीचा समूह हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात या देवळांची पाहणी केली आणि त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. मूळच्या २४ देवळांपैकी आज मोजकीच उभी आहेत. मुख्य मंदिरावर पूर्वी वीज कोसळून शिखराचा भाग ढासळल्याचे सांगितले जाते. मूर्तिकामामुळे ‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरुद मार्कंड्याला चिकटले आहे. गेल्या दशकात हाती घेतलेले जतनाचे काम दीर्घकाळ रेंगाळले, याची खंत भाविकांप्रमाणेच अभ्यासकांनाही आहे.

भूगर्भाच्या अभ्यासकाला या भिंतींत मूर्तींबरोबर दगडही दिसतो. देवळांचा दगड वालुकाश्म आहे. म्हणजे सकाळी पायाखाली होती तशीच रेती, फक्त कोट्यवधी वर्षे दबून आणि दाण्यांमधल्या पोकळीत खनिजे भरून घट्ट झालेली. ऊन, पाऊस आणि शेवाळ यांच्या माऱ्याने काही मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत. वालुकाश्म झिजतो तेव्हा दाण्यांना बांधणारा चिकट पदार्थ आधी जातो आणि मग दाणे सुटे होतात. कोणत्या बाजूच्या भिंती अधिक झिजल्या, पाणी कोठे मुरते, हे नुसते न्याहाळले तरी पुष्कळ समजते.

भूगर्भशास्त्राच्या सहलीत हातोडी आणि पातळ आम्लाची बाटली असतेच. या दोन्ही वस्तू मार्कंड्यात पिशवीबाहेर काढायच्या नाहीत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यान्वये स्मारकाला इजा पोचवणे गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा परिसर बांधकाम व खोदकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित ठरला आहे. चर खणण्याचा प्रयोग लांब करायला सांगितला, त्याचे कारण हेच. देवळांजवळ भिंग आणि वही पुरेशी आहे.

दक्षिणेचे टोक

मार्कंड्याहून आष्टी, आलापल्ली या मार्गाने सिरोंच्याला जाता येते. अंतर मोठे आहे आणि रस्त्याची अवस्था दरवर्षी वेगळी, म्हणून या टप्प्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. नागपूरहून थेट सिरोंच्याला पोचायचे असेल, तर तेलंगणातील मंचेरियालपर्यंत रेल्वेने जाऊन चेन्नूरमार्गे प्राणहितेवरील पूल ओलांडणे अनेकांना सोयीचे वाटते. आलापल्लीच्या जुन्या सागवानांचे राखीव क्षेत्र वाटेतच आहे. तेथे थांबण्याचा मोह होईल. थांबावे, पण दुपार तेथेच घालवू नये.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. भूगर्भशास्त्रात ‘प्राणहिता-गोदावरी खोरे’ हा जगभर परिचित शब्दप्रयोग आहे. जमिनीचा एक लांबट पट्टा कोट्यवधी वर्षे खचत गेला आणि त्यात नद्यांनी हजारो मीटर जाडीचा गाळ भरला, असा या खोऱ्याचा थोडक्यात इतिहास. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ‘कोटा’ हे नाव मिळालेल्या थरांत ज्युरासिक काळातील मासे, आदिम सस्तन प्राण्यांचे दात आणि डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. नागपुरात राहून या प्रदेशातील दगड गोळा करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव येथील संशोधनाच्या प्रारंभाशी जोडलेले आहे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

सर्वांत गाजलेला शोध विसाव्या शतकातला. सिरोंच्याजवळच्या पोचमपल्ली परिसरात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास उत्खनन केले आणि निदान सहा महाकाय प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे बाहेर काढली. १९७५ साली या शाकाहारी डायनोसॉरला ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव देण्यात आले. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय; आणि १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कसा, असा प्रश्न पडेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्या संस्थेत भूगर्भशास्त्राचाही विभाग सुरू केला होता. हा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. ज्या तालुक्यात तो सापडला, तेथील मुलांनी तो पाहायचा तर दीड हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो.

सिरोंच्याजवळ वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान उभारले आहे. वृक्षांचे दगड झालेले बुंधे तेथे जागेवर पाहता येतात. लाकडाच्या पेशींत सिलिकायुक्त पाणी झिरपले, लाकूड कुजण्यापूर्वी त्याची जागा खनिजाने घेतली आणि सालीच्या रेषांसह बुंधा टिकला. हात लावला तर थंड दगड, दुरून पाहिला तर कालच तोडलेला ओंडका. गटाने या उद्यानाला किमान अर्धा दिवस द्यावा आणि जाण्यापूर्वी सिरोंचा वनविभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. गोदावरीवरील मेडीगड्डा धरण याच भागात आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या धरणाचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. नदीच्या रेतीवर पाया घालताना काय विचारात घ्यावे लागते, यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा गट असेल तर तेथे दीर्घ चर्चा होऊ शकते.

बर्फ, दलदल आणि लाल माती

परतीचा मार्ग आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असा धरला, की चंद्रपूर गाठता येते. येथे सहलीतील सर्वांत अविश्वसनीय वाटणारी गोष्ट पाहायची असते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे तापणाऱ्या या जिल्ह्यात एकेकाळी बर्फाच्या हिमनद्या सरकत होत्या.

चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येस पैनगंगेच्या काठी इरई गाव आहे. चंद्रपूरजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी याची गल्लत करू नये. या गावापाशी चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला असल्याचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली प्रसिद्ध केले. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड जमिनीवरून फरफटत गेल्यानेच असे ओरखडे उमटतात. त्यावर बसलेल्या ‘तालचेर’ थरात मुठीएवढ्या गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सर्व आकारांचे दगड बारीक चिखलात अस्ताव्यस्त पडलेले असतात. नदी दगडांची आकारानुसार निवड करते, हे मार्कंड्यात पाहिलेले असते. बर्फ निवड करत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, हा त्याचा खुलासा.

बर्फ वितळल्यावर दलदली आल्या. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांची रानेच्या राने त्यांत गाडली गेली. वर्धा खोऱ्यातील खाणींतून निघणारा दगडी कोळसा आणि त्यावर चालणारे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र हे या झाडांचेच देणे. मुंबईतल्या दिव्याचा धागा असा येथवर पोचतो. याच झाडाचे जीवाश्म कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना जवळ बाळगले होते. तुकडीतील सारे मरण पावले, परंतु सुमारे १६ किलो दगड त्यांनी अखेरपर्यंत टाकले नव्हते. भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकत्र होते, या कल्पनेला अशा पानांनी बळ दिले. त्या महाखंडाला एडुआर्ड स्यूस याने दिलेले नाव गोंडांच्या भूमीवरून, म्हणजे गोंडवनावरून आलेले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती, हे येथे आठवावे.

त्यानंतर हवामान उष्ण होत गेले. ‘कामठी’ नावाचे तांबूस वालुकाश्म आणि प्राणहितेपलीकडे तेलंगणात ‘मलेरी’ नावाची लाल मृत्तिका या पुढच्या काळातील. लाल रंग पाहून पर्यटक चटकन ‘हे वाळवंट होते’ म्हणतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. लाल रंग लोहाच्या गंजण्यामुळे येतो. त्यासाठी हवा आणि अधूनमधून कोरडी पडणारी जमीन पुरेशी असते, वाळवंटच हवे असे नाही. मलेरीच्या थरांत फुप्फुसमाशांचे दात सापडतात. पाणी आटल्यावर हवेत श्वास घेऊन तग धरणारे हे मासे. म्हणजे तेथे नद्या आणि डबकी होती, पण ती मोसमी होती. थरच्या वाळूच्या टेकड्यांऐवजी, पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात भेगाळणारा सपाट प्रदेश डोळ्यांपुढे आणावा. मार्कंड्यात पाहिलेल्या पाण्याच्या लाटा आणि वाऱ्याच्या लाटा यांतील फरक येथे कामी येतो.

वेळ उरला तर नागपूरच्या वाटेवर वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. येथील थर सर्वांत अलीकडचे, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातील, साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. येथे डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन सापडते. हे ऐकून शाळकरी मुले हसतात, आणि हसावेच. पण या दगडांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा गवताचा उगम डायनोसॉरनंतरचा ही समजूत मोडीत निघाली. विदर्भातल्या शेताच्या बांधावर पडलेल्या वाटोळ्या खड्यांनी हे घडवले.

रान आणि नदी

डिसेंबर ते जानेवारी हाच या भ्रमंतीचा काळ. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी ऊन सुसह्य असते, गवत वाळून खडक उघडे पडतात आणि नदी खाली गेलेली असते. दिवस मात्र लहान. मार्कंड्यात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गटाने त्याच्या किमान एक तास आधी मुक्कामी किंवा गाडीपाशी असले पाहिजे.

यामागचे कारण वाघ. चंद्रपूर आणि गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत वाघांच्या हल्ल्यांत मोहफुले, सरपण वेचायला किंवा शेतात गेलेल्या गावकऱ्यांचे मोठ्या संख्येने बळी गेले आहेत. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींचीही त्यात भर पडली. पहाटे आणि संध्याकाळी ओढ्याच्या कडेने, झुडुपांतून, ओणवे होऊन खडक न्याहाळणारा माणूस दुरून जनावरासारखा दिसतो, हे ध्यानात ठेवावे. गटाने एकत्र राहावे, कोणीही एकटे मागे राहू नये, आणि त्या दिवसांत कोणत्या भागात जाऊ नये हे वनरक्षकाला विचारूनच बाहेर पडावे. राखीव वनात पायी फिरण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. ताडोबाच्या व्याघ्र प्रकल्पात खडक पाहायला पायी हिंडण्याची कल्पना मनातूनही काढून टाकावी.

नदीचे भय वेगळे. गोसीखुर्दचे धरण आणि मार्कंड्याच्या वरच्या बाजूचे चिचडोह बॅरेज येथून पाणी सोडले, तर कोरडे दिसणारे पात्र भरू लागते. रेतीच्या उपशाने पडलेले खोल डोह वरून दिसत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये याच चामोर्शी तालुक्यात गणपूर येथे मिरची तोडायला पलीकडच्या काठावर निघालेल्या महिला मजुरांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि त्यांतील महिलांचे प्राण गेले. नदीचा शेजार लाभलेल्या माणसांवर हिवाळ्यात ही वेळ येते, तेथे पाहुण्यांनी फाजील धाडस करू नये. डोंग्याने नदी ओलांडायचीच नाही असे ठरवून टाकावे. पात्रात उतरताना एखादा स्थानिक ढिवर बांधव सोबत घ्यावा. कोठली रेती पाय धरते आणि कोठली नाही, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. त्याच्या दिवसाचा मोबदला आधी ठरवून द्यावा.

गट बारा ते पंधरा जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात मागच्यांना काही ऐकू येत नाही, आणि खडकाभोवती वीस माणसे उभी राहिली की खडकच दिसत नाही. सोबत भूगर्भशास्त्र शिकवणारे कोणी तरी हवेच. नागपूर विद्यापीठात आणि या भागातील महाविद्यालयांत अशी माणसे भेटतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर जिल्ह्यांचे भूशास्त्रीय नकाशे उपलब्ध आहेत; ते आधी उतरवून, छापून घ्यावेत, कारण आलापल्लीच्या पुढे मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. दिवसाला सहा ते आठ किलोमीटरच चालणे ठेवावे. रेतीत चालण्याचे श्रम पक्क्या वाटेपेक्षा कितीतरी अधिक, आणि ही मंडळी दर पन्नास पावलांवर थांबणार असतात.

गडचिरोली हा हिवतापाचा जिल्हा आहे. मच्छरदाणी आणि डास पळवणारे मलम थंडी आहे म्हणून घरी ठेवू नये. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती द्यावी. नक्षलवादामुळे या जिल्ह्याच्या वाटेला पाहुणे अनेक वर्षे फारसे गेले नाहीत. आता ये-जा वाढली असली तरी गटातील सर्वांची नावे, गाडीचा क्रमांक आणि दिवसनिहाय मार्ग गडचिरोली पोलिसांना आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या पोलिस ठाण्याला कळवावा. सिरोंचा भागात तेलुगू आणि माडिया बोलणारी वस्ती मोठी आहे, तेव्हा ती भाषा जाणणारा वाटाड्या सोबत असला तर गैरसमज टळतात. गावाच्या शिवारात शिरण्यापूर्वी गावपाटलाला किंवा सरपंचाला भेटणे हा तेथला रिवाज आहे.

दगड जागेवरच

या सहलीत हातोडीचा वापर शक्यतो करूच नये. शिक्षणासाठी ताजा तुटलेला दगड पाहायचा असेल, तर रस्त्याच्या कामाने किंवा खाणीने फोडलेला ढीग पुरतो. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार वनातील दगड आणि खनिजे हेदेखील वनोपजच होत. राखीव वनातून ती उचलणे गुन्हा ठरू शकते. जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायदा असावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. कायदा काहीही म्हणो, पिसदुऱ्याच्या शेतातून किंवा सिरोंच्याच्या ओढ्यातून उचललेला तुकडा घरच्या काचेच्या कपाटात गेला, की त्याचा थर, दिशा आणि शेजार ही सारी माहिती संपते. हाडापेक्षा ते कोणत्या थरात, कशा अवस्थेत पडले होते, हे अभ्यासकाला अधिक मोलाचे असते.

एखादे हाड किंवा दगडी लाकूड नव्याने दिसलेच, तर त्याला हात न लावता शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ही माहिती वनविभागाला व नागपुरातील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावी. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. तसे झाल्यास शास्त्रज्ञांच्या आधी तेथे विक्रेते पोचण्याची भीती असते.

तारखा ठरवताना पंचांगही पाहावे. महाशिवरात्रीला मार्कंड्यात मोठी यात्रा भरते आणि तिची लगबग आधीपासूनच सुरू होते. त्या दिवसांत वाळवंटात दुकाने, वाहने आणि भाविकांची गर्दी असते. लाटांच्या खुणा शोधायला जागा उरत नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीअखेर हा काळ मोकळा मिळतो. पाच दिवसांची सोय नसेल, तर नागपूरहून ब्रह्मपुरी, गडचिरोलीमार्गे मार्कंडा, मग चंद्रपूर, इरई आणि पिसदुरा अशी तीन दिवसांची फेरी पुरी होते. सिरोंचा त्यात कोंबू नये. त्यासाठी पुढचा हिवाळा आहे.